चुलीची गार बाजू

माझ्या वहीत फोन नंबर माणसांच्या नावाने नाहीत, कामाच्या नावाने आहेत. पाण्याचा टँकर, दळण, डॉक्टर, खिडक्यांच्या जाळ्या. माणूस बदलतो, काम तेच राहतं, म्हणून ही पद्धत. ऊसतोड कामगारांच्या मुलींचं वसतिगृह सांभाळायचं तर असं काहीतरी लागतं: सत्तरएक मुली, एक टेम्पो, भाकरी करणारी एक बाई आणि कर्जत तालुक्यातला उन्हाळा. बशीरचाचांचा नंबर त्या वहीत ‘रेडिएटर’ या शब्दापुढे आहे. रेडिएटरचं काम त्यांनी माझ्यासाठी एकदाच केलं. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी जे केलं त्यासाठी कुठला शब्द लिहायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचं दुकान कर्जतहून श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेले ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे रेडिएटर, मधोमध सिमेंटचा हौद. गळका रेडिएटर आला की त्याची सगळी तोंडं बंद करायची, हौदात बुडवायचा, नळीने आत हवा सोडायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचं. बुडबुडा दिसला की तिथे डाग द्यायचा, म्हणजे कथलाने सांधायचं. बुडबुड्याची वाट बघताना चाचा कोणाशीही बोलत नसत. गिऱ्हाईक फार घाई करायला लागलं तर नुसतं पाण्याकडे बोट दाखवत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमचा टेम्पो वाफा सोडत होता. माझ्या यादीत त्या दुपारची पाच कामं उरली होती आणि ड्रायव्हर रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला होता.

“दादा, हात मागं घ्या,” चाचा आतूनच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “म्याडम, तुमची कामं किती हायत?”

“पाच. आणि चारला पोचायचंय.”

“मग सहावं वाढवू नका. गरम गाडीचं झाकन उघडलं की सहावं काम दवाखान्यात असतं. बसा. चा घ्या.”

चहा आला. मी माझा संपवला. त्यांचा तसाच राहिला. साय धरली, ती त्यांनी बोटाने बाजूला केली, ग्लासाला उलटा हात लावला आणि पुन्हा ठेवून दिला. अगदी पाण्यासारखा झाल्यावर एका दमात प्यायले. नंतर मला कळलं की हे रोजचंच आहे. उलटा हात तर ते सगळीकडे लावत: बॉनेटला, भांड्याला, तापलेल्या मुलीच्या कपाळाला. “तळहाताची कातडी कामानं मेलेली,” म्हणत. “उलटा हात अजून खरं सांगतो.”

खाकी शर्टाच्या खिशात पेनऐवजी टूथब्रश असे. रेडिएटरच्या जाळीतला चिखल काढायला. त्यांच्या पत्नी, म्हणजे चाची, दुकानामागच्याच घरात राहायच्या. त्या मला म्हणाल्या होत्या, “घरात मी ह्यांचा दुसरा ब्रश लांबच्या फळीवर ठिवते. ह्यांना फरक कळत न्हाई. सगळ्या तालुक्याच्या गाड्या गार करत्यात, अन् घरातला पंखा दोन महिनं झालं बंद हाय.”

“त्याला बुडबुडा येत न्हाई,” चाचा शांतपणे म्हणाले. “कुठं बिघडलाय ते कसं कळायचं?”

टेम्पो नीट चालतोय का ते बघायला दुसऱ्या दिवशी ते स्वतः वसतिगृहावर आले. ही त्यांची सवय होती. काम केलेली गाडी एकदा तिच्या घरी जाऊन बघायची. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि तिथेच थांबले. आत काही दिसत नव्हतं.

“कोन हाय आत?”

“मी हाय. भाकर हाय. धूर हाय. या,” आतून आवाज आला.

त्या कोंडाबाई. पंधरा वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडला; नवरा गेल्यावर आमच्याकडे भाकरीला आल्या. डाळ-भात गॅसवर व्हायचा, तेवढेच सिलिंडर मिळत. सत्तर जणींच्या भाकऱ्या मात्र रोज सकाळी एकदाच चुलीवर, वेड्या बाभळीच्या लाकडावर. धुराडं होतं, पण वारा फिरला की धूर उलटा आत. भिंतीत विजेचा पंखा होता, पण भाकरीची वेळ आणि लोडशेडिंगची वेळ एकच. छतावर सोलरचं पॅनेल बसवलं होतं, ते दिवाळीच्या सुट्टीत चोरीला गेलं. कोंडाबाईंचा खोकला इतका वाढला होता की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूर सोडा नाहीतर काम सोडा. आमच्या संस्थेच्या सचिवांनी त्यातलं दुसरं निवडलं. नवीन सत्रात नवी बाई बघा, असं मला सांगितलं. अडचण अशी की कोंडाबाई वसतिगृहाच्याच खोलीत राहत. काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की जामखेडकडच्या भावाच्या घरी, जिथे भावजयीने एकदा त्यांचं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं होतं.

हे सगळं मी चाचांना मुद्देसूद सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चुलीकडे बघत म्हणाले, “जाळात एवढी ताकद हाय, अन् तिच्या पंख्याला वीज न्हाई. हे काय बरं न्हाई.”

‘हे काय बरं न्हाई’ हे त्यांचं सगळ्यात कडक वाक्य. यापेक्षा जास्त रागावलेले मी त्यांना पाहिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ते एका रुमालात काहीतरी बांधून आले. नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली काही मुलं मागे त्यांच्याकडून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या करून घ्यायला आली होती, कसल्याशा प्रकल्पासाठी. परीक्षा झाल्यावर तो प्रकल्प दुकानातच सोडून गेली. रुमालातून निघाली एक पांढरी चौकोनी चकती, बिस्किटाएवढी, तिला दोन वायरी. चाचांनी ती तव्याच्या कडेला ठेवली, वर गार पाण्याचा स्टीलचा ग्लास ठेवला, वायरींना बारकासा दिवा जोडला. दिवा लागला.

“खोबऱ्याची वडी दिसती,” कोंडाबाई म्हणाल्या. तेव्हापासून तिचं नाव वडी.

“एका अंगाला ताप, दुसऱ्या अंगाला गारवा,” चाचा म्हणाले. “ताप हिकडनं तिकडं जाताना वडीतनं जातो, तवा वीज निघती.”

थोड्या वेळाने ग्लासातलं पाणी कोमट झालं आणि दिवा मंद होत विझला. तवा तसाच तापलेला होता. मला वाटलं वडी बिघडली. कोंडाबाई ग्लासाकडे बघत म्हणाल्या, “पाटाला उतार लागतो, तसंच हाय की हे. दोन्हीकडं सारखं झालं की पानी हलत न्हाई.”

चाचा त्यांच्याकडे बघतच राहिले. मला ते नंतर म्हणाले की कॉलेजच्या पोरांनी हेच सांगायला फळा भरला होता. त्यानंतर कोणी विचारलं की चाचा उताराचं उदाहरण देत आणि शेवटी म्हणत, “हा कोंडाबाईंचा नियम हाय.” कॉलेजात असतं तर नियमाला नाव लागलं असतं, असंही म्हणत.

मला मात्र त्यांचं दुसरं वाक्य जास्त पटलं. मी विचारलं होतं, चाचा, हे विजेचं काम, तुम्ही रेडिएटरवाले, तुम्हाला जमेल का? ते म्हणाले, “म्याडम, तापवायला काय, कुनीबी तापवतं. काडी वढली की झालं. गार ठेवायला मानूस लागतो. सगळी मेहनत त्या अंगाला हाय. ते माझं काम हाय.”

पहिला प्रयत्न फसला. वडी चुलीच्या भिंतीत बसवली, जाळ चांगला पेटला, आणि पाचच मिनिटांत वडीच्या पोटातून पांढरे मणी गळाले. ती वडी पाणी गार करायच्या यंत्रातली होती. तिच्या आतले सांधे चुलीच्या तापाला टिकणारे नव्हते. म्हणजे कथील वितळलं. चाचांनी ते मणी तळहातावर घेतले आणि निघून गेले. आठ दिवस पत्ता नाही. मी फोन केला तो चाचींनी उचलला.

“धड जेवत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “म्हनत्यात, सारी हयात डाग देन्यात गेली, अन् आतला डाग किती तापाचा हाय ते बगितलं न्हाई. मी म्हनलं, अहो, वडीच हाय, सून न्हाई. तर माझ्यावरच डोळं काढत्यात.”

नवव्या दिवशी चाचा पुण्याला गेले आणि ताप सोसणाऱ्या चार वड्या शोधून आणल्या. चुलीच्या मागच्या भिंतीत लोखंडी पत्रा बसवला, पत्र्याला बाहेरून वड्या, वड्यांना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, वारा लागून गार राहाव्यात म्हणून. जुन्या सीडी प्लेअरची मोटर, पावडरच्या डब्यातून कापलेली पाती, आणि चुलीत वारा सोडणारा एक वीतभर पाइप. चूल पेटल्यावर पहिली दहा मिनिटं धूर व्हायचाच. मग पत्रा तापायचा, पंखा घूं करायचा आणि जाळ पिवळ्याचा निळसर व्हायचा. धूर एवढा कमी झाला की मुली ताटं घेऊन आत डोकावायला लागल्या.

“कोंडामावशी, तुमी एवढ्या गोऱ्या हाय?” एकीने विचारलं.

“गोरी कसली? दिसले पयल्यांदा,” कोंडाबाई म्हणाल्या.

सचिवांना मी कळवलं. ते म्हणाले, महिन्याभराने येऊन बघतो. पंखा चालू दिसला तर बोलू, बंद दिसला तर विषय संपला.

आणि पंखा बंद पडायला लागला. बाकी दिवस ठीक चाले, मग अचानक मलूल होई. चाचा लुनावरून येत, वायरी तपासत, मोटर तपासत, खिशातला टूथब्रश काढून पट्ट्यांमधली माती घासून काढत, आणि पंखा चालू होई. “कर्जतची धूळ,” म्हणत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी माझ्या पद्धतीने तक्ता केला: तारीख, वार, लाकूड कुठलं, वारा कसा. तीन आठवड्यांत तक्त्याने एकच गोष्ट सांगितली. पंखा दर शनिवारी बंद पडतो.

“यंत्राला वार कसा कळतो?” मी विचारलं.

चाचांनी तक्ता दोनदा वाचला. त्या शुक्रवारी सकाळीच येऊन ते स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि बसून राहिले, हौदाशी बसायचे तसेच. मधे फक्त जुम्म्याच्या नमाजाला उठून गेले. परत आले तेव्हा दुपारचं जेवण झालं होतं, चूल निवली होती आणि कोंडाबाई घमेल्यात माती आणि शेण कालवत होत्या. त्यांनी चूल सारवायला घेतली. आधी तोंड, मग बाजू, मग मागची भिंत. मग दोन बोटं बुडवून अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधली एकेक फट हळूहळू, मन लावून भरायला लागल्या.

“कोंडाबाई,” चाचा म्हणाले, “हे काय करताय?”

“सारवतीय. शुक्रवार हाय.”

“ह्या पट्ट्या बी?”

“मग? चुलीचंच अंग हाय न्हवं ते? बाकीची चूल ल्यालेली अन् तेवढंच उघडंबोडकं कसं ठिवायचं? पोरी येत्यात बगायला.”

चाचा इतके हसले की पाटावरून खाली बसले. मला हसू आलं नाही. सचिव यायला आठवडा राहिला होता. मी म्हटलं, “कोंडाबाई, उद्यापासून सारवण बंद. मी पाटीच लिहून लावते.”

“थांबा म्याडम,” चाचा म्हणाले. “तिची काय चूक न्हाई. ट्रॅक्टरच्या जाळीतनं आयुष्यभर चिखल काढतोय मी. जाळी म्हनली की चिखल असायचाच, असं डोक्यात बसलंय. हितं तो कुनी घातला, हे इचारलंच न्हाई.”

“ते ठीक आहे, पण सारवायचं नाही एवढं तर सांगायला हवं.”

“कशाला? चूल तिची हाय. तिनं चुलीचं ऐकायचं का चुलीनं तिचं?”

कोंडाबाई शेणमातीचे हात धरून दोघांकडे बघत होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की दर शनिवारी धूर आपल्याच बोटांनी परत येत होता. “मला आदी सांगायचं न्हाई व्हय,” त्या हळूच म्हणाल्या.

दोन दिवसांनी चाचा एका ट्रकच्या जुन्या रेडिएटरची पितळी टाकी कापून घेऊन आले. पट्ट्या काढल्या आणि वड्यांना ती टाकी चिकटवली. वरून पाणी ओतायला तोंड, खाली तोटी. आता गारवा वाऱ्याने नाही, पाण्याने राखायचा. “बाहेरनं काय पायजे तेवढं सारवा,” ते म्हणाले. “नक्षी काढा. फक्त पंख्याचा आवाज पडला की समजायचं पानी तापलं. तोटी सोडायची, गार पानी भरायचं.” तोटीतून निघालेलं गरम पाणी मुली थंडीत हात-पाय धुवायला नेऊ लागल्या. कोंडाबाईंनी टाकीवर चुन्याने खरंच वेल काढली.

सचिव आले त्या दिवशी मी चाचांना मुद्दाम बोलावलं होतं. ते बाहेर कट्ट्यावर बसले, आत यायला तयार नव्हते. सचिव खुर्ची घेऊन चुलीजवळ बसले. पंखा चालू होता, धूर नव्हता. संस्थेच्या अडचणींबद्दल ते बोलायला लागले आणि बोलता बोलता पंख्याचा आवाज उतरायला लागला. मी कोंडाबाईंकडे पाहिलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, पिठाच्या हाताने तोटी सोडली, घागरीतले दोन तांबे टाकीत ओतले आणि पुन्हा थापायला बसल्या. आवाज चढला.

“हे काय केलंत?” सचिवांनी विचारलं.

“तहान लागलीती त्याला,” कोंडाबाई म्हणाल्या.

सचिवांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. जाताना फाटकाशी मला म्हणाले, “नव्या बाईचं सध्या राहू द्या.”

मी ते आनंदाने चाचांना सांगितलं. ते मात्र विचारात पडले. “सध्या म्हंजे पंखा हाय तवर. अन् पंखा हाय म्हंजे मी हाय तवर. हे काय बरं न्हाई.”

त्यांचं खरं होतं. दीड-दोन वर्षांत एखादी वडी जाई, मोटर झिजे, वायर जळे, आणि दर वेळी मी वहीतलं ‘रेडिएटर’ काढून फोन लावी. पण तोवर त्यांचं दुकान ओस पडायला लागलं होतं. नव्या गाड्यांचे रेडिएटर प्लॅस्टिकचे आणि अॅल्युमिनियमचे. त्यांना डाग देता येत नाही, फुटला की फेकून दुसरा बसवायचा. चाचा म्हणायचे, “आता बुडबुडा बगायला कुनाला टाइम न्हाई.” शेवटी मुलगा त्यांना चाकणला घेऊन गेला. तिथे जाऊन वर्षही झालं नव्हतं तोच ते गेले. चाचींनी फोन केला तेव्हा आधी विचारलं, पंखा चालू हाय का. मी हो म्हटलं. मग त्यांनी बातमी सांगितली.

पंखा आजही चालू आहे आणि कोंडाबाई त्याच खोलीत आहेत. ते कसं झालं ते सांगायचं तर चाकणला जाण्याआधीचा चाचांचा शेवटचा दिवस सांगायला हवा.

मुलाची गाडी फाटकाशी उभी होती. चाचा आत येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, “कोंडाबाई, सगळं खोला. वड्या काढा, पुसा, परत बसवा. मी हात लावनार न्हाई.” आणि दोन्ही हात मांड्यांखाली सरकवून त्यांच्यावर बसले. “मोकळे ठिवले की पुढं जात्यात,” मला म्हणाले.

कोंडाबाईंनी टाकी रिकामी केली, पाना घेऊन चार नट सोडवले, वड्या पुसल्या, ताप नीट पोचावा म्हणून लागणारं पांढरं मलम लावलं, पुन्हा बसवल्या, वायरी पिळल्या, पाणी भरलं. चूल पेटवली. दहा मिनिटांनी पंखा फिरला आणि पाइपाच्या बाहेरच्या तोंडातून काळा धूर सरळ खोलीत आला. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. पंखा उलटा फिरून चुलीतला धूर ओढून आणत होता. मला ते दिसलं, म्हणजे चाचांना दिसलंच होतं. कोंडाबाई खोकायला लागल्या. मी उठले.

“म्याडम, बसा.”

“चाचा, तिला त्रास होतोय.”

“मला बी होतोय. पन उद्या मी चाकनला असनार, अन् तुमी मीटिंगला.”

मला त्यांचा राग आला, हे लिहायला हरकत नाही. मी दार-खिडक्या सताड उघडल्या. कोंडाबाईंनी पदर नाकाला लावून चाचांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग कोंडाबाईंनी टाकीला हात लावून पाहिला, पाण्यात बोट घातलं, वाकून पंखा पाहिला.

“उलटं फिरतंय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

चाचा अजून भिंतीकडेच बघत होते.

कोंडाबाईंनी दोन्ही वायरी सोडवल्या. एक या बोटात, एक त्या बोटात धरून क्षणभर थांबल्या, मग हात एकमेकांवरून नेऊन पुन्हा पिळल्या. थांबलेला पंखा दुसऱ्या बाजूने फिरायला लागला. पाइपाच्या तोंडाशी आलेला धूर घुटमळला आणि परत चुलीत गेला.

“तोंड शिवलं हुतं का, बशीरभाऊ?” कोंडाबाई खोकत खोकत म्हणाल्या, आणि परातीत पीठ घ्यायला वळल्या.

खोलीतला धूर खिडकीतून सावकाश बाहेर पडला, तसे पाटावरचे चाचा दिसायला लागले. डोळे लाल, गालावर पाण्याचे ओघळ, दाढीत राख, आणि दोन्ही हात अजून मांड्यांखाली.